खूणगाठ

हालवार नूरदेलला मुतखडा व्हायचा तो फक्त जुलैत.
तीन वर्षं, तीन जुलै.
बाकीचे महिने तो लाकूडगिरणीतल्या करवतींना धार लावी,
गोठल्या सरोवराला भोक पाडून मासे धरी,
कमरेबद्दल चकार शब्द काढत नसे.

पहिला डॉक्टर म्हणाला, पाणी प्या.
दुसऱ्याने दूध तोडलं.
चोर सोडून संन्याशाला सुळी:
बेरितने शेळीच्या दुधाचं चीज करणं थांबवलं,
आईकडून आलेली तांब्याची कढई
पालथी घातली.

तिसरी मी.
रक्तात कॅल्शियम चढलेलं.
मानेतल्या ज्या ग्रंथींवर पहिला संशय जातो
त्या बिचाऱ्या निजलेल्या.
छातीचा एक्स-रे मोठा करून पाहिला.
पुस्तक म्हणतं, हा आजार फुफ्फुसांत राहतो,
दहातल्या नऊ वेळा.
हालवारची फुफ्फुसं धुतल्या काचेसारखी.
मग मीही पुस्तक मिटलं.
हे कबूल केलेलं बरं.

ऑगस्टात तो हाफ पँटमध्ये आला.
उजव्या गुडघ्यावर वण,
नऊ वर्षांचा असताना सायकलवरून खडीत पडला तेव्हाचा.
पन्नास वर्षं पांढरा, विसरलेला.
आता जांभळा, फुगलेला, बोटाला टणक.
"हे कधीपासून?"
"हे? हे दुखत नाही," म्हणाला,
आणि कंबर दाखवायला वळला.

जे दुखत नाही त्याची तक्रार कोण करतो?
ते बाहेरच्या बाकावर बसून राहतं,
कोट न काढता,
नंबर पुकारला जाईल म्हणून.

तळमजल्यावर ईवारने मला दुसऱ्या भिंगाशी बसवलं.
पेशींनी पेशींना कवटाळलेलं, गच्च गोळे,
मध्ये कुजलेलं काही नाही.
मग त्याने प्रकाशाची चाळण फिरवली.
सगळं काळं झालं
आणि एका गाठीच्या पोटात
पांढरी ठिणगी.
"खडी," ईवार म्हणाला.
रस्त्याचा कण.
एवढी वर्षं शरीराने तो मुठीत धरला होता
आणि आत्ता कुठे मूठ आवळली होती.

पण एवढ्यावर नाव देता येत नाही.
गाठ काय, नुसत्या कुसळाभोवतीही बांधली जाते.
क्षयाने बांधली जाते, बुरशीने.
हे नाव सगळ्यात शेवटी,
बाकीचे एकेक उठून गेल्यावर.
क्षय नाही. बुरशी नाही.
डोळ्यांच्या डॉक्टरला बाहुलीमागे जुना, मुका दाह सापडला;
हालवारला वाटत होतं, चष्मा बदलायला झालाय.
आणि त्या गाठी, कुठे कुठे लपलेल्या,
त्वचेत शिरलेलं ऊन घेऊन
गुपचूप जीवनसत्त्व तीव्र करत होत्या.
ओस्टरसुंडला जूनमध्ये रात्र नावापुरती.
म्हणून जुलै.
सारकॉइडोसिस, मी लिहिलं.

लिहिताना आल्फ्रिडा आठवली.
टपाल वाटायची. काळजाचा ठोका चुकायचा.
मी लिहिलं होतं: ताण.
मरणानंतर हृदयाच्या भिंतीत ह्याच गाठी.
फेब्रुवारी होता, तिने हातमोजे काढले नव्हते,
मी काढायला सांगितले नव्हते.
बोटांवर काही होतं का, आता कुणाला विचारू?
तेव्हा मनाशी खूणगाठ बांधली होती
की माणूस सगळा बघायचा.
बांधली होती,
आणि जुलैत सुटली होती.

"गोळ्या घ्याव्या लागतील," मी हालवारला म्हटलं,
"आणि ऊन टाळा."
तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला.
"अर्धं वर्ष," म्हणाला, "मी त्याचीच वाट बघतो."
बेरितने एवढंच विचारलं:
"चीज करू का परत?"
"थोडं थांबा," मी म्हटलं.

पुढच्या जूनमध्ये, रात्री अकराला,
त्यांच्या घरावरून सायकलने गेले.
गल्लीभर खिडक्या उघड्या, बाहेर लख्ख.
हालवार शेडच्या सावलीत,
लांब बाह्या, रुंद टोपी,
करवतीला धार लावत होता.
मी हात केला.
तो हसला. मला त्याचे फक्त दात दिसले.